लँडर उतरवायचाच कशाला? खडकाळ ग्रहासाठी वैज्ञानिक मांडणी लिहिण्याची पद्धत

खडकाळ ग्रहावर यान उतरवण्याचा प्रस्ताव लिहायला बसलेले बहुतेक विद्यार्थी उपकरणांपासून सुरुवात करतात. कॅमेरा हवा, ड्रिल हवं, भूकंपमापक हवा. मग या सगळ्याला शोभेल असा प्रश्न शोधायचा. मांडणी तिथेच ढिली पडते. कक्षेत फिरणारं यान स्वस्त पडतं, जास्त वर्षं टिकतं आणि सगळा ग्रह पाहतं. उतरणाऱ्या यानाचं मात्र मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून सात-आठ मिनिटांत होत्याचं नव्हतं होऊ शकतं. एवढी जोखीम घ्यायची तर पहिल्याच पानावर उत्तर हवं: वरून कितीही वर्षं पाहिलं तरी कळणार नाही असं नेमकं काय आहे, आणि ते कळायला दगडापर्यंत का जावं लागतं?

नाशिकच्या विद्यार्थ्यांना हे शिकायला दूर जायला नको. आपल्या पायाखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, आहे. मंगळाची विस्तीर्ण मैदानं बेसॉल्टचीच आहेत, आणि शुक्रावर उतरलेल्या व्हेनेरा यानांनी तपासलेले दगडही बरेचसे बेसॉल्टसारखेच निघाले. म्हणून पुढची पद्धत समजावताना उदाहरणं मंगळाची घेतली आहेत आणि सराव नाशिक जिल्ह्यातला.

प्रश्न असा लिहा की तो हरू शकेल

"मंगळावर पाणी होतं का?" हा प्रश्न प्रस्तावात लिहू नका. त्याचं उत्तर हो आहे, आणि ते मिळून बरीच वर्षं झाली. प्रश्नाला दोन प्रतिस्पर्धी उत्तरं हवीत, आणि दोन्हींचं भाकीत वेगळं हवं. आपण एक प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवू: एखाद्या विवरात कक्षेतून चिकणमातीची खनिजं दिसली आहेत. ती तळ्याच्या तळाशी गाळ होऊन साचली, की लाव्हा थिजल्यानंतर जमिनीखालून झिरपणाऱ्या गरम पाण्याने दगडाच्या आत तयार झाली? पहिलं खरं असेल तर तिथे उघड्यावर बराच काळ टिकलेलं तळं होतं, आणि जीवसृष्टीच्या शोधासाठी ती जागा मोलाची ठरते. दुसरं खरं असेल तर त्या काळचं हवामान थंड आणि कोरडंही असू शकतं.

उघड्यावर बनलेली आणि दगडाच्या आत बनलेली, अशी दोन्ही प्रकारची चिकणमाती नाशिकमध्ये हाताशी आहे. निफाडकडची काळी जमीन चिकणमातीच्या फुगणाऱ्या खनिजांनी भरलेली आहे, म्हणूनच ती मे महिन्यात हातभर भेगाळते. तिकडे विहिरीच्या खोदकामातून निघालेला काळा दगड फोडला तर आतल्या पोकळ्यांमध्ये हिरवट मऊ अस्तर सापडतं. तीही चिकणमातीच्याच कुळातली खनिजं, पण ती दगडाच्या पोटात, नंतर आलेल्या पाण्याने बनलेली. त्याच पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक असतात. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींमधले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत.

आता भाकितं लिहा, अगदी दोन रकाने करून. तळ्याचा गाळ असेल तर: बारीक, सलग, एकावर एक पातळ थर; कण ६२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान; सुकल्याच्या भेगा किंवा लाटांच्या खुणा; खनिजांचं प्रमाण थरागणिक बदलणारं. जमिनीखालचं पाणी असेल तर: मूळ दगडाचा लाव्हाचा पोत शाबूत, चिकणमाती पोकळ्यांत आणि शिरांमध्ये, त्या शिरा थरांना आडव्या छेदणाऱ्या. खनिज एकच असलं तरी ते शेजाऱ्यांबरोबर कसं बसलं आहे, तिथे निकाल लागतो. लँडरची अर्धी बाजू या एका वाक्यात आहे, म्हणून ते प्रस्तावात ठळक लिहा.

वरून का कळत नाही, ते आकड्यांत लिहा

"कक्षेतून तपशील दिसत नाही" हे वाक्य कुणालाच पटत नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरचा हायराइज कॅमेरा एका पिक्सेलमध्ये २५ ते ३० सेंटिमीटर पाहतो; म्हणजे टेबलाएवढा दगड दिसेल, त्यातला कण नाही. त्याच यानावरचा क्रिझम हा वर्णपटमापक खनिजं ओळखायचा, पण त्याचा पिक्सेल सुमारे १८ मीटरचा. आणि परावर्तित प्रकाशाचा वर्णपट पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पातळ थराचाच असतो. वर धूळ बसली असेल तर वर्णपट धुळीचा. क्युरिऑसिटी रोव्हरला (मंगळावरच्या चाकांच्या यानाला) गेल विवरातल्या यलोनाइफ बे या भागात मडस्टोनमध्ये, म्हणजे बारीक गाळाच्या दगडात, सुमारे २० टक्के चिकणमातीची खनिजं सापडली. त्या जागी कक्षेतून चिकणमातीची खूण दिसलेली नव्हती.

उलट दिशेनेही फसगत होते, आणि ते उदाहरण प्रस्तावात जरूर घ्या. स्पिरिट रोव्हर ४ जानेवारी २००४ ला गुसेव विवरात उतरला. सुमारे १६० किलोमीटर रुंदीचं विवर, त्यात शिरणारी लांबलचक नदीसारखी दरी. वरून पाहून कुणीही म्हणेल, इथे तळं होतं. खाली उतरल्यावर मैदानभर ऑलिव्हिन हे लाव्हातलं खनिज असलेला बेसॉल्ट निघाला. तळं असलंच तर त्याचा गाळ लाव्हाखाली गाडला गेलेला. पाण्याच्या भरघोस खुणा पुढे कोलंबिया टेकड्यांवर गेल्यावर मिळाल्या. तीन आठवड्यांनी, २५ जानेवारीला, ऑपर्च्युनिटी मेरिडियानीत उतरला. तिथे कक्षेतून हेमटाइट हे लोहखनिज दिसलं होतं आणि ते खरंच होतं. पण ते पाण्यात बनलं की लाव्हातून, हे सांगायला दगडात रुतलेले काही मिलिमीटरचे गोल खडे समोर दिसावे लागले.

ग्रहाच्या पोटात काय आहे असा तुमचा प्रश्न असेल तर युक्तिवाद याहून सोपा आहे. भूकंपलहरी जमिनीतून येतात, त्या ऐकायला जमिनीला कान लावावा लागतो. इनसाइट लँडरने २०१८ ते २०२२ या काळात १,३०० हून जास्त मंगळकंप नोंदवले. त्यातला सर्वांत मोठा, ४.७ तीव्रतेचा, ४ मे २०२२ चा.

प्रश्नापासून आकड्यापर्यंत: तक्ता

आता एक तक्ता करा. डावीकडून उजवीकडे: प्रश्न, मोजायची गोष्ट, किती बारकाईने मोजायची, कोणतं उपकरण, आणि ते मिळालं नाही तर प्रश्नाचं काय होतं. प्रकल्पांच्या भाषेत याला ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात. परीक्षक सगळ्यात आधी हा तक्ता उघडतात. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि विद्यार्थी हमखास तोच मोघम ठेवतात.

आपल्या प्रश्नासाठी तो असा भरायचा. वाळू आणि गाळ यांची सीमा ६२ मायक्रॉनला धरतात. कण ओळखायला तो निदान तीन पिक्सेलवर पसरलेला हवा. म्हणजे कॅमेऱ्याचा पिक्सेल २० मायक्रॉन किंवा त्याहून लहान पाहिजे. क्युरिऑसिटीच्या हातावरचा माहली कॅमेरा अगदी जवळ नेला की १४ मायक्रॉनपर्यंत जातो, तेव्हा ही मागणी अवास्तव नाही. "उच्च दर्जाचा कॅमेरा" असं लिहिलं तर कुणीही विचारेल, किती उच्च? "२० मायक्रॉन, कारण ६२ भागिले ३" असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

धूळ आणि हवामानाने बदललेली साल काढल्याशिवाय हा कॅमेरा निरुपयोगी आहे. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटीवरचं घासणारं यंत्र ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर खोल खड्डा करत असे, तेवढं पुरतं. खनिजं नेमकी ओळखायला क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरण सोडून स्फटिकांची रचना ओळखणं) हवं, त्याला भुकटी हवी, भुकटीला ड्रिल हवं, आणि ड्रिल आलं की हात, चाळणी, नमुना पोहोचवायची नळी असं सगळं मागोमाग येतं. ड्रिल बिघडतंही. क्युरिऑसिटीच्या ड्रिलची पुढे-मागे सरकणारी यंत्रणा डिसेंबर २०१६ मध्ये अडली आणि नवी पद्धत शोधून पुन्हा नमुना घ्यायला मे २०१८ उजाडला. म्हणून शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा: ड्रिल गेलं तर खनिजांचं अचूक प्रमाण मिळणार नाही, पण कॅमेरा आणि मूलद्रव्यमापक यांवर पोत आणि शिरा कळतील, म्हणजे मुख्य प्रश्न तरीही सुटतो. असं लिहिता येत नसेल तर प्रश्न एकाच यंत्राच्या गळ्यात बांधला आहे. तो बदला.

खोली, वेळ आणि जागा बसवण्याची पद्धत

उपकरण योग्य असूनही ते चुकीच्या खोलीवर किंवा चुकीच्या जागी बसवलं तर मोहीम वाया जाते. दोन उदाहरणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं उष्णतेचं. ग्रहाच्या पोटातून वर येणारी उष्णता मोजायची तर दिवस-रात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांचा परिणाम जिथे पोहोचत नाही तिथे तापमापक हवा. तापमानाची लाट जमिनीत किती खोल जाते याचं सूत्र सोपं आहे: उष्णता-विसरणांक (जमिनीत उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा) गुणिले आवर्तनकाळ, भागिले पाय (π), आणि त्याचं वर्गमूळ. ओलसर मातीसाठी विसरणांक सेकंदाला ०.५ चौरस मिलिमीटर धरला तर दिवसाची लाट सुमारे १२ सेंटिमीटरवर एक तृतीयांशाच्या जरा वर उरते. मंगळाची माती उष्णतेची फार वाईट वाहक आहे, तिथे विसरणांक याच्या साधारण दहावा भाग, पण वर्ष ६८७ दिवसांचं. गणित केलं की वर्षाची लाट जवळपास एक मीटर निघते. लाट ५ टक्क्यांवर यायला त्याच्या तिप्पट, म्हणजे ३ मीटर. इनसाइटच्या उष्णताशोधकाला ३ ते ५ मीटर खोल जायचं होतं ते यामुळेच. तो स्वतःला ठोकत खाली जाणारा खिळा होता. प्रत्येक ठोक्याला मागे उडू नये म्हणून त्याला भोवतीच्या मातीची पकड लागत होती. ती माती अपेक्षेसारखी भुसभुशीत नव्हती; तिचा वरचा थर घट्ट धरलेला होता, त्यामुळे खिळ्याभोवती पोकळ खड्डा तयार झाला, पकड मिळाली नाही आणि तो जेमतेम आपल्या लांबीइतका, ४० सेंटिमीटरच्या आसपास, जाऊन थांबला. धडा असा की जमिनीचे गुणधर्म गृहीत धरताना दोन टोकांचे आकडे घ्या आणि यंत्र दोन्हींत चालतं का ते दाखवा. चांद्रयान-३ च्या चॅस्टे या उपकरणाने मागणी १० सेंटिमीटरपुरतीच ठेवली होती आणि तापमापक यंत्राने दाबून आत ढकलला. उद्दिष्ट लहान होतं, पण ते पुरं झालं.

दुसरं भूकंपमापकाचं. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-२ चा भूकंपमापक यानाच्या पाठीवर बसवलेला होता. वारा आला की यान डुलायचं आणि नोंद व्हायची ती वाऱ्याची. इनसाइटने तो यांत्रिक हाताने उचलून थेट जमिनीवर ठेवला आणि वर वारा-तापमानरोधक घुमट झाकला. हे घरी करून पाहता येतं. मोबाइलवर फिफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या, त्वरणमापक सुरू करा आणि तीन ठिकाणी दहा-दहा मिनिटं नोंद घ्या: हलत्या टेबलावर, घरातल्या फरशीवर, आणि मोकळ्या कातळावर. मुंबई-आग्रा महामार्गाजवळ राहत असाल तर ट्रक गेल्याची नोंद टेबलावर आणि कातळावर किती वेगळी येते ते बघा. मोबाइलचा संवेदक फार ढोबळ आहे. पेठ-कळवणकडचे हलके धक्के त्यावर दिसणार नाहीत. त्यांची नोंद दिंडोरी रस्त्यावरच्या मेरी या संशोधन संस्थेतल्या भूकंपमापन केंद्रात होते. पण संवेदक कशावर ठेवला याने निकाल किती बदलतो, हे मोबाइलही स्पष्ट दाखवतो.

जागा: विज्ञान ओढतं एकीकडे, सुरक्षितता दुसरीकडे

यान ठरलेल्या बिंदूवर उतरत नाही, एका लंबवर्तुळात कुठेतरी उतरतं. इनसाइटचं लंबवर्तुळ १३० बाय २७ किलोमीटर होतं. नकाशावर त्र्यंबकेश्वरपासून नांदगावपर्यंत लांबी आणि त्र्यंबक ते नाशिक एवढी रुंदी मांडा, म्हणजे अंदाज येईल. पर्सिव्हरन्स रोव्हरने उतरताना खालची चित्रं नकाशाशी जुळवत दिशा बदलली, म्हणून त्याचं लंबवर्तुळ ७.७ बाय ६.६ किलोमीटरवर आलं, साधारण पंचवटी ते नाशिकरोड. इनसाइटला कुठेही उतरलं तरी चालणार होतं, कारण भूकंप ऐकायचे होते. म्हणून सपाट, कंटाळवाणं मैदान त्यांनी मुद्दाम निवडलं. आपल्या चिकणमातीच्या प्रश्नाला तसं चालत नाही.

हिशेब असा करा. लंबवर्तुळावर १०० बिंदूंची जाळी टाका. प्रत्येक बिंदूवर दोन गोष्टी तपासा: तिथे हवा तो थर उघडा आहे का, आणि उतार १५ अंशांपेक्षा कमी आहे का. ३० बिंदूंवर थर आणि ९५ बिंदूंवर सुरक्षित जमीन निघाली तर एका जागी उभा राहणारा लँडर ७० टक्के वेळा चुकीच्या दगडावर बसेल. मग रोव्हर हवा, आणि प्रत्येक बिंदूपासून थरापर्यंतचं सर्वांत लांब अंतर हीच रोव्हरची किमान मजल. चाकं का हवीत याचं कारण या आकड्यातून दाखवा.

उंचीही पाहा. मंगळाची हवा पृथ्वीच्या सुमारे ०.६ टक्के दाबाची आहे. पॅराशूटला पुरेशी हवा मिळायला सखल जागा लागते. क्युरिऑसिटी मंगळाच्या सरासरी पातळीच्या सुमारे साडेचार किलोमीटर खाली उतरला. डोंगरमाथ्यावरचा सुंदर थर असेल तर तो मोह सोडा.

बुधावर तर हवाच नाही. कक्षेतला सेकंदाला ३ किलोमीटरचा वेग सगळा इंजिनानेच मारावा लागतो. नेहमीच्या द्रव इंधनाने हिशेब केला तर कक्षेतल्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग इंधनातच जातो. तिथे आजवर कुणी उतरलेलं नाही. शुक्रावर उतरणं त्या मानाने सोपं, टिकणं अवघड: व्हेनेरा-१३ ने मार्च १९८२ मध्ये साडेचारशे अंशांवर तापमान आणि पृथ्वीच्या सुमारे ८९ पट दाब सोसत १२७ मिनिटं काम केलं, तेही ३२ मिनिटांसाठी बनवलेलं असताना. शुक्रासाठी लिहिणार असाल तर प्रश्न दोन तासांत सुटणारा हवा आणि मधे माणसाने निर्णय घ्यायची एकही पायरी नको.

वीज आणि माहिती

हा भाग थोडक्यात पण आकड्यांनीच. मंगळावर सरासरी ऊन दर चौरस मीटरला सुमारे ५९० वॉट, आपल्या निम्म्याहून कमी. त्यावर धूळ. इनसाइटचे पॅनेल सुरुवातीला मंगळाच्या दिवसाला सुमारे ५,००० वॉट-तास देत होते, मे २०२२ मध्ये ५०० च्या आसपास. तेव्हा विजेचा हिशेब शेवटच्या महिन्याचा करा.

माहितीचाही: तीन अक्ष, सेकंदाला १०० नोंदी, प्रत्येक नोंद २४ बिटची, म्हणजे मंगळाच्या एका दिवसाला ६४ कोटी बिट. एवढं रोज पाठवता येत नाही. सेकंदाला २० नोंदी सतत पाठवायच्या आणि काही घडलं तर तेवढा तुकडा पूर्ण दराने मागवायचा, अशी सोय इनसाइटने केली होती. तुम्हीही तसं लिहा. वजनात नव्या उपकरणाला ३० टक्के वाढ धरा. मंगळयानाची पाचही उपकरणं मिळून १५ किलोच्या आसपास होती, हे लक्षात ठेवलं की यादी आपोआप आखडते.

काहीच सापडलं नाही तर?

या प्रश्नाला स्वतंत्र परिच्छेद द्या. १९७६ मध्ये व्हायकिंगने माती तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले. क्लोरिन असलेली साधी संयुगं सोडली तर काही मिळालं नाही, आणि तीही पृथ्वीवरून गेलेली असावीत असं तेव्हा मानलं गेलं. २००८ मध्ये फिनिक्स लँडरला मातीत परक्लोरेट हे क्लोरिन-ऑक्सिजनचं संयुग सापडलं. परक्लोरेट तापवलं की सेंद्रिय पदार्थ जळून जातात. म्हणजे "सापडलं नाही" याचा अर्थ "नव्हतं" असा घेता येत नव्हता. तुमच्या पद्धतीने नमुनाच नासत नाही ना, हे दाखवायला यानात ज्ञात नमुना सोबत न्या आणि तो आधी आणि नंतर तपासा.

मिथेनचं कोडं अजून ताजं आहे: क्युरिऑसिटीला जमिनीलगत अब्जात सुमारे ०.४ भाग मिथेन मिळतो, तर कक्षेतल्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला वातावरणात ०.०५ भागसुद्धा दिसत नाही. पुढचा लँडर एकाच जागी दिवसभर आणि रात्रभर, वेगवेगळ्या उंचीवर मोजेल तर काहीतरी सुटेल. लँडरसाठी चांगला प्रश्न हवा असेल तर हा घ्या.

जीवाच्या खुणा शोधणार असाल तर आपलेच जंतू नेऊ नयेत, यासाठी कॉस्पार या आंतरराष्ट्रीय अवकाश-संशोधन समितीची मर्यादा आहे: मंगळावरच्या साध्या लँडरवर एकूण ३ लाख बीजाणू, आणि दर चौरस मीटरला सरासरी ३००; जीव शोधणाऱ्या यानाला त्याहून कडक. निर्जंतुकीकरणाचा खर्च आणि वेळ आधीच धरा.

नाशिकमध्ये सराव: आधी वरून, मग पायी

लिहिण्याआधी हा सराव एकदा कराच. सेंटिनेल-२ उपग्रहाची मोफत चित्रं घ्या. एप्रिल-मेमधली घ्या, पावसाळ्यानंतरची नकोत. हिरवळ असली की खाली काय आहे ते झाकतं. द्राक्षबागा टाळा, तिथे पाणी आणि पानं दोन्ही असतात. उपग्रह प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पट्ट्यांत मोजतो; त्यातल्या अकराव्या पट्ट्याला बाराव्याने भागा. दोन्ही पट्टे २० मीटरच्या पिक्सेलचे आहेत, आणि चिकणमातीची खनिजं २.२ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषत असल्याने हे गुणोत्तर तिथे वाढतं. आता दोन जागा निवडा: निफाडकडचं नांगरलेलं काळं रान, आणि मुरूम उघडा पडलेला एखादा उतार किंवा बंद खाणीचा तळ. प्रत्येक जागेसाठी "इथली चिकणमाती कशी बनली असेल" याचा अंदाज कागदावर लिहून तारीख टाका. नंतर बदलायचा नाही.

मग जागेवर जा. सोबत दहापट भिंग, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली, हातमोजे, चष्मा आणि मोजपट्टी. खाजगी रानात मालकाची परवानगी घ्या. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे. तिथे हातोडी लावायची नाही. विहिरीच्या खोदकामाचा ढीग या कामाला उत्तम, कारण दगड ताजा फुटलेला असतो.

प्रत्येक दगडाचं आधी न उचलता, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या. मगच फोडा. पोकळीतला पांढरा स्फटिक आम्लाने फसफसला तर कॅल्साइट. फसफसला नाही आणि खिळ्याने ओरखडला गेला तर बहुधा झिओलाइट (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचं कुळ). काचेवर रेघ ओढली तर क्वार्ट्झच्या कुळातला. हिरवं अस्तर नखाने निघालं तर ते चिकणमातीचं. काळ्या रानातलं वाळलेलं ढेकूळ पाण्यात टाका आणि किती वेळात विरघळून बसतं ते घड्याळावर मोजा. दगडातलं अस्तर असं करत नाही. दोन लाव्हाथरांच्या मधे तांबडा मातकट पट्टा दिसला तर तो स्वतंत्र नोंदवा: तिथे एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जमीन उघडी राहून हवापाण्याने बदलली होती.

घरी येऊन कागदावरचा अंदाज आणि निकाल समोरासमोर ठेवा. जिथे अंदाज चुकला तिथे नेमक्या कोणत्या निरीक्षणाने तो चुकला हे कळलं ते शोधा: भिंग, खिळा, आम्ल की फोडलेला ताजा पृष्ठभाग. तेच तुमच्या लँडरचं पहिलं उपकरण. जे साहित्य पिशवीतून एकदाही बाहेर निघालं नाही, त्याच्यासारखं यंत्र प्रस्तावाच्या यादीतून काढून टाका.